मराठवाड्यातले कचऱ्याचे जुने कायदे आणि त्यांतल्या फटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरपरिषदेत नव्याने निवडून आलेले सदस्य, कचरा डेपोशेजारच्या गावांचे सरपंच, कायद्याचे विद्यार्थी आणि घंटागाडी चार दिवस आली नाही म्हणून वैतागलेले नागरिक फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान केलं आहे. त्यात आजच्या नियमांपेक्षा जुन्या नियमांबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण शहराबाहेर कचऱ्याचे जे डोंगर दिसतात ते त्या नियमांच्या राज्यात उभे राहिलेत.

मराठवाड्यात कचऱ्याबद्दलचा पहिला कायदा कोणता?

एकच नाव सांगता येत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या संस्थानात होता. मुलूख दिवाणी (सरकारी), सर्फ-ए-खास (निजामाचा खासगी) आणि जहागिरी अशा तुकड्यांत वाटलेला होता आणि जहागिरीतला कारभार जहागीरदार पाहायचा. एका गावात सफाईची काहीतरी व्यवस्था असे, तर चार कोसांवरच्या गावात तिचा पत्ता नसे. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. पुढे हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम आला तो १९५६ मध्ये. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य विसर्जित झालं आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. म्हणजे कायदा नवा कोरा आणि तो करणारं राज्यच शिल्लक नाही. दप्तर उर्दूत, तारखा फसली या निजामी महसुली सनाच्या, वर बसलेलं सरकार मुंबईचं.

महाराष्ट्रभरातल्या नगरपालिकांना एक कायदा मिळाला तो १९६५ चा. शहर महानगरपालिका झालं की मात्र त्याला १९४९ चा महापालिका कायदा लागू होतो. औरंगाबाद १९८२ मध्ये महापालिका झालं, नांदेड-वाघाळा १९९७ मध्ये, लातूर आणि परभणी २०११ मध्ये, जालना तर अगदी अलीकडे, २०२३ मध्ये. (औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. या पानावर ज्या काळाची गोष्ट त्या काळचं नाव ठेवलं आहे.)

या कायद्यांत कचऱ्याबद्दल लिहिलं तरी काय होतं?

वाचायला बसलात तर कायदा वाईट वाटत नाही. १९६५ च्या कायद्याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची बंधनकारक कामं दिली आहेत : रस्ते झाडणं, नाल्या साफ ठेवणं, मैला आणि कचऱ्याची विल्हेवाट लावणं. महापालिकांसाठी १९४९ च्या कायद्यातलं कलम ६३ जवळपास तेच सांगतं. म्हणजे जबाबदारी कोणाची याबद्दल कायद्याच्या मनात शंका नव्हती.

पुढचं वाक्य मात्र बारकाईने वाचावं लागतं. कचऱ्यापासून कंपोस्ट खत करायचं, पण कधी? तर राज्य शासनाने तसं फर्मावलं तर. कचऱ्यावर प्रक्रिया करणं शासनाच्या आदेशावर सोडलेलं आणि उचलून नेणं मात्र रोजचं बंधन. आदेश आला नाही तर ट्रॉली भरा, गावाबाहेर न्या, उलटी करा, कर्तव्य पूर्ण.

विल्हेवाट लावायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुठेच नव्हतं. जागा विहिरीपासून किती लांब हवी? खाली काय अंथरायचं? रोज माती टाकायची का? जागा भरली हे कोण ठरवणार आणि भरल्यावर तिचं काय करायचं? एकाही प्रश्नाला मोजता येईल असा निकष नव्हता. जागा नेमण्याचा अधिकार मुख्याधिकारी किंवा आयुक्तांच्या हाती, आणि ती जागा चांगली की वाईट हे तपासायला दुसरं कोणी नाही.

माझं मत सरळ आहे. जुन्या नियमांतला खरा दोष त्यांच्या ढिलाईत नव्हता. ते शहराच्या हद्दीपर्यंत पाहायचे आणि तिथे थांबायचे, हा तो दोष. बाकीचे सगळे त्यातून फुटलेत.

कंपोस्ट खताचं पुढे काय झालं? जुनी माणसं तर म्हणतात, कचऱ्याला शेतकरी भांडायचे.

बरोबर म्हणतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये एक पद्धत बसवली : चर खणायचा, त्यात शहरातला केरकचरा आणि मैला आलटून पालटून थरांनी भरायचा, वरून मातीने लिंपायचं आणि काही महिने हात लावायचा नाही. 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेच्या काळात देशभरच्या नगरपालिकांनी ती उचलली. खताचा लिलाव व्हायचा, पालिकेलाही चार पैसे मिळायचे. आजही अनेक शहरांत डोंगराएवढ्या ढिगाला लोक कंपोस्ट डेपो म्हणतात ते तेव्हापासून.

ती पद्धत चालली कारण कचरा राख, शेण, पालापाचोळा आणि भाजीपाल्याचा होता. पुढे टोपलीचे संडास गेले, सेप्टिक टँक आले, चरात टाकायला मैला उरला नाही. शेतकऱ्याला युरियाची गोणी मिळू लागली. मग कॅरीबॅग आली. काचा आणि प्लास्टिक असलेलं खत शेतात कोण घेणार? मालाला गिऱ्हाईक राहिलं नाही, तरी कायद्यातली तरतूद जशीच्या तशी राहिली. बदललेल्या कचऱ्याकडे पाहून नियम बदलायला २००० साल उजाडलं.

मैला वाहणाऱ्या माणसांबद्दल जुने नियम काय म्हणत होते?

कामाच्या वेळा आणि गैरहजेरीबद्दल बरंच काही, माणसाबद्दल फार थोडं. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या जगण्याची चौकशी केली, पुढे केंद्राने मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा मात्र आला १९९३ मध्ये. स्वतः पालिकाच या प्रथेची मालक असताना तिच्यावर कारवाई कोणी करायची, हा पेच तिथेही होताच.

शहराचा कचरा आमच्याच शिवारात का? गावाला कोणी विचारलं कसं नाही?

या पानावर सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. लातूरचा कचरा वरवंटीला, नांदेडचा तुप्प्याला, जालन्याचा सामनगावला, औरंगाबादचा नारेगावला. नकाशावर बोट फिरवा, डेपो बहुधा हद्दीच्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे सापडेल.

याला तीन कारणं आहेत. पहिलं जमिनीचं. हद्दीजवळ सरकारच्या नावावरची मोकळी जमीन म्हणजे गायरान. भूसंपादनाचा खर्च नाही, मोबदला नाही. गायरान गावाच्या वापराचं असलं तरी मालकी शासनाची, त्यामुळे निर्णय महसूल खात्याचा. आधी हैदराबादचा १३१७ फसलीचा महसूल कायदा होता, १९६६ नंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, पण गुरं चारणाऱ्याच्या दृष्टीने फरक शून्य. गायरानं अशी हातोहात देऊ नयेत हे सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात ठणकावून सांगितलं ते २०११ मध्ये. तोवर बहुतेक डेपो भरून वाहू लागले होते.

दुसरं कारण नियोजनाचं. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे शहराच्या विकास आराखड्यावर हरकती घेता येतात, सुनावणी होते. पण डेपो हद्दीबाहेर गेला की तो त्या आराखड्यातूनच बाहेर पडायचा. ज्याच्या नाकाखाली दुर्गंधी येणार त्याला हरकत नोंदवायला कागदच नाही.

तिसरं, मताचं. नगरसेवकाला मत शहरात मिळतं. सामनगावच्या बाईचं मत जालन्याच्या वॉर्डात नाही. घर झाडून केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटावा आणि घर स्वच्छ झालं म्हणावं, अशी ही सोय होती आणि कायद्यानेच ती करून दिली होती.

ग्रामपंचायतीला काहीच अधिकार नव्हते का?

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात गावच्या स्वच्छतेची जबाबदारी पंचायतीवर आहे. पण शेजारच्या शहराची ट्रॉली अडवण्याची ताकद तीत नव्हती. ठराव करा, तहसीलला पाठवा, पोच घ्या. अशा ठरावांचे गठ्ठे अनेक ग्रामसेवकांच्या कपाटात पिवळे पडलेत.

नियम मोडला तर दंड किती होता?

रस्त्यावर घाण करणाऱ्याला पालिका कायद्यांत दंड होता, पण रक्कम कलमातच छापलेली. महागाई वाढत गेली, रक्कम जागच्या जागी. शिवाय खटला भरायचा म्हणजे पालिकेने वकील लावायचा, निरीक्षकाने तारखांना जायचं. वसूल होणाऱ्या रकमेपेक्षा निरीक्षकाचा त्या दिवसाचा पगार जास्त. त्यामुळे कोणी खटले भरतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्या निरीक्षकाला दोष देता येत नाही.

दुसरा आधार होता भारतीय दंड संहितेचा. सार्वजनिक उपद्रवाला कलम २९० खाली जास्तीत जास्त दंड २०० रुपये. हा आकडा १८६० चा. तेव्हा २०० रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. तोच आकडा २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत टिकला, आता तो १,००० रुपये झाला आहे.

आणि पालिकाच चुकली तर?

इथे जुने कायदे फार केविलवाणे होतात. पालिका कचरा टाकते, तीच स्वच्छता निरीक्षक नेमते आणि दंड करण्याचा अधिकारही तिच्याकडेच. स्वतःवर खटला कोण भरणार?

वरून शासनाच्या हातात एकच मोठं हत्यार होतं : परिषद बरखास्त करून प्रशासक बसवणं. त्याचा उपयोग राजकारणात झाला, तोही सढळ हाताने. डेपोला आग लागली म्हणून परिषद कोण बरखास्त करील? मधल्या पायऱ्याच नव्हत्या. नोटीस, रोजचा दंड, अधिकाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी, यातलं काहीच नाही.

पालिकेवर दिवाणी दावा लावायचा तर सर्वसाधारणपणे आधी महिनाभराची नोटीस आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा, अशी मुदत १९६५ आणि १९४९ च्या दोन्ही कायद्यांत आहे. कुणाची भिंत पाडली, गाडीने ठोकरलं, अशा बाबतीत ही मुदत ठीक. कचऱ्याचं पाणी जमिनीत मुरून विहिरीला वास यायला कित्येक पावसाळे जातात. मग कारण नेमकं घडलं कोणत्या तारखेला? वकील पहिल्याच तारखेला मुदतीचा मुद्दा काढतो आणि शेतकरी गप्प होतो.

एक वाट मात्र खुली होती आणि ती फार थोड्यांना माहीत होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ प्रमाणे दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतो. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या नागरिकांनी ती वापरली. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही. १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने सांगितलं की पैसा नाही ही सबब चालणार नाही, लोकांच्या आरोग्याचं काम वैधानिक कर्तव्य आहे. हे कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२ क्रमांकाने आहे.

पैसाच नव्हता, हे म्हणणं अगदीच खोटं होतं का?

नाही. कायद्याने काम दिलं आणि त्या कामासाठी वेगळा पैसा दिला नाही. नगरपालिकांचा मोठा आधार जकात होती. राज्याने १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात काढून घेतली आणि त्यांना अनुदानावर आणलं. अनुदानातून पगार भागायचे, डेपोला कुंपण घालायला काही उरायचं नाही. पण उरलेला पैसा कुठे जायचा हेही पाहायला हवं. कचऱ्याचं जवळपास सगळं बजेट झाडलोट आणि वाहतुकीवर जायचं, कारण ते चौकात दिसतं. डेपोवर खर्च केलेला रुपया मतदाराला दिसत नाही.

शहरात किती कचरा निघतो हे तरी कोणाला माहीत होतं का?

अंदाजाने. एका नगरपरिषदेच्या डेपोवर पाहिलेलं सांगतो. फाटकाशी लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत मुकादम बसलेला, मांडीवर लांब वही. रकाने चार : गाडी नंबर, वेळ, वॉर्ड, सही. वजनाचा रकानाच नाही, कारण वजनकाटा नाही. ट्रॉली आली की एक खेप. ट्रॉली अर्धी भरलेली असो, खाली मुरूम आणि वर पालापाचोळा असो, खेप ती खेप. ठेकेदाराचं बिल खेपांवर निघायचं. वेळेच्या रकान्यात सकाळच्या सगळ्या खेपा एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, एका बैठकीत लिहिलेल्या होत्या. मुकादमाला विचारलं तर हसून म्हणाला, "साहेब, उन्हात कोण उठतं दर वेळी?"

वरच्या अहवालात टनांचा आकडा मागतात. मग खेपा गुणिले एक ठरीव वजन, की झाले टन. हाच आकडा जिल्ह्याला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला, मंत्रालयाला जायचा आणि त्यावरून प्रकल्पाची क्षमता ठरायची. काही ठिकाणी प्रकल्प उपाशी राहिले, काही ठिकाणी तुंबले, यात नवल वाटायला नको.

प्रदूषण नियंत्रण मंडळ काय करत होतं?

महाराष्ट्रात मंडळ १९७० मध्येच स्थापन झालं, केंद्राच्या १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्याही आधी. पण त्याची नजर कारखान्यांच्या सांडपाण्यावर. घरगुती घनकचरा २००० पर्यंत त्याच्या कक्षेत नीटसा नव्हताच.

१९९४ च्या प्लेगचा आणि या नियमांचा संबंध आहे का?

आहे, आणि मराठवाड्याचा त्यात थेट वाटा आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला हे सगळ्यांना आठवतं. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले होते. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही पूर्ण झालं नव्हतं. मामल्यात आधी पिसवांचा सुळसुळाट झाला, उंदीर मरून पडू लागले, मग माणसं आजारी पडली.

मामला हे काही कचऱ्याचे डोंगर असलेलं शहर नव्हतं, त्यामुळे तिथल्या साथीचं खापर डेपोवर फोडणं बरोबर नाही. पण सुरतेची छायाचित्रं पाहून देश हादरला आणि शहरातली घाण हा राष्ट्रीय विषय झाला. १९९६ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने असीम बर्मन समिती नेमली, तिचा अहवाल १९९९ मध्ये आला, आणि त्यातून २५ सप्टेंबर २००० रोजी नागरी घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम निघाले.

मग २००० च्या नियमांनी प्रश्न सुटायला हवा होता. का सुटला नाही?

कागदावर हे नियम चोख होते. जुन्या डेपोंची सुधारणा ३१ डिसेंबर २००१ पर्यंत, पुढच्या भरावभूमीसाठी (उरलेला कचरा गाडण्यासाठी) जागा ३१ डिसेंबर २००२ पर्यंत, प्रक्रिया प्रकल्प ३१ डिसेंबर २००३ पर्यंत. जागा २० ते २५ वर्षं पुरेल एवढी हवी. कुजणारा कचरा भरावात टाकायचा नाही. भूजल तपासायचं. मंडळाचं अधिकारपत्र घ्यायचं आणि दर वर्षी अहवाल द्यायचा. पूर्वीच्या कायद्यांत जे जे नव्हतं ते सगळं आलं.

पण तारखा चुकल्या तर काय, याचं उत्तर नियमांत स्वतंत्रपणे नव्हतं. मूळ १९८६ च्या पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. इतकी कडक शिक्षा की मुख्याधिकाऱ्यावर ती लावायला कोणी धजावेना. नागरिकाला तक्रार करायची तर साठ दिवसांची नोटीस आधी द्यायची. पुन्हा तीच गत, मधली पायरी नाही. (आता या कायद्यात कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला आहे.)

दुसरं, नियम फक्त नागरी संस्थांना लागू. वाळूजसारखी कारखान्यांभोवती फुगलेली, लोकसंख्येने शहर पण कागदावर ग्रामपंचायत असलेली वस्ती सुटली. औरंगाबादेत तर एका गावात चार कारभारी : महापालिका, छावणी परिषद, सिडको, एमआयडीसी. खाम नदी सगळ्यांच्या हद्दीतून वाहते आणि प्रत्येक जण कचरा वरून आला म्हणून हात झटकतो.

तिसरं, नियमांनी पालिकेला जागा शोधायला सांगितलं. जागा तर महसूल खात्याकडे.

नारेगावला नेमकं काय झालं?

वर सांगितलेल्या प्रत्येक फटीचा हिशेब तिथे एकदम चुकता झाला. तीसहून जास्त वर्षं औरंगाबादचा कचरा नारेगावच्या डेपोवर उघड्यावर पडत होता. शेजारच्या मांडकीसह आसपासच्या गावांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली, न्यायालयात गेली. शहर २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर पोचलं होतं आणि रोज चारशे टनांहून अधिक कचरा निघत होता, असं महापालिकाच सांगायची. टनांचा आकडा कसा निघतो ते वर वाचलंच आहे.

फेब्रुवारी २०१८ च्या मध्यात गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि या वेळी माघार घेतली नाही. शहरात ढीग साचले, पेपरांनी 'कचराकोंडी' असा मथळा दिला आणि तोच रूढ झाला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. महापालिकेने दुसऱ्या जागा पाहायला सुरुवात केली आणि जिथे गाडी जाईल तिथे विरोध झाला. ७ मार्चला मिटमिटा भागात दगडफेक, जाळपोळ, पोलिसांचा बळाचा वापर. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्याची घोषणा विधिमंडळात झाली, महापालिका आयुक्तांची बदली झाली. अखेर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी अशा चार ठिकाणी प्रक्रियेचं काम विभागलं गेलं.

यात एक गोष्ट क्वचित बोलली जाते. चिकलठाण्याचं विमानतळ नारेगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. उघड्या डेपोवर घारी घिरट्या घालतात, त्या विमानाला धोकादायक. पुढे २०१६ च्या नियमांनी विमानतळापासून २० किलोमीटरचं अंतर घातलं. म्हणजे कचराकोंडी झाली तेव्हा तिथे कचरा पडणं त्या निकषातही बसत नव्हतं, आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवेपर्यंत गाड्या जातच होत्या.

आमच्याकडे काळी माती आहे, ती पाणी मुरू देत नाही म्हणतात. मग विहिरी कशा बिघडतात?

ओली काळी माती पाणी धरते हे खरं. पण उन्हाळ्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी, ढिगातल्या काळ्या रसासह, त्या भेगांतून सरळ खाली जातं. खाली मुरूम आणि भेगाळलेला बेसाल्ट. त्या सांध्यांतून पाणी कुठल्या दिशेला जाईल हे वरून सांगता येत नाही, म्हणून डेपोलगतची विहीर चांगली आणि लांबची बिघडलेली असंही घडतं. जुन्या खदानीत कचरा टाकला तर मातीचा पडदाही नसतो. जुन्या कायद्यांनी भूगर्भाचा विचार केलाच नव्हता, आणि टँकरवर जगणाऱ्या भागात एक विहीर जाणं म्हणजे काय हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको.

२०१६ च्या नियमांनी किती फटी बुजवल्या?

बऱ्याच. जागा शोधून देण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आली, तीही एका वर्षाच्या मुदतीत. जनगणना शहरं (कागदावर ग्रामपंचायत, पण जनगणनेत शहर धरलेली गावं), औद्योगिक वसाहती आणि तीर्थक्षेत्रं कक्षेत आली. तुळजापूर, माहूर, परळी, औंढा यांसारख्या गावांसाठी हे मोठं पाऊल, कारण यात्रेला गावाच्या कित्येक पट माणूस येतो. भरावभूमी नदीपासून १०० मीटर, तळं, वस्ती, महामार्ग आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर असे मोजता येणारे आकडे आले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायचा असं ठरलं. पालिकेला जागेवर दंड करता येऊ लागला.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मधली पायरीही आणली. २०२० पासून नियम न पाळणाऱ्या स्थानिक संस्थेला दरमहा भरपाई : दहा लाखांवर लोकसंख्येला १० लाख रुपये, पाच ते दहा लाखांना ५ लाख, बाकीच्यांना १ लाख. हा पैसा मात्र पालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे ज्याच्या दारात कचरा पडला त्याच्याच घरपट्टीतून जातो. चुकणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगाराला धक्का नाही. आणि टाकणारा व तपासणारा एकच, ही गाठ अजून सुटलेली नाही.

आमच्या गावाजवळ डेपो आहे. कोणते कागद मागायचे?

आधी डेपोच्या गटाचा सातबारा आणि फेरफार काढा. जमीन कोणाच्या नावावर, कधीपासून, कोणत्या आदेशाने, हे त्यात दिसतं. आदेशाचा क्रमांक मिळाला की तहसीलमधून त्याची नक्कल मागा. अनेकदा आदेशात अटी असतात : कुंपण, झाडं, ठराविक वर्षांची मुदत. मुदत संपलेली असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

मग माहितीच्या अधिकारात पालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचं शुल्क भरून अर्ज करा. मंडळाचं अधिकारपत्र, मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, भूजल तपासणीचे निकाल, वजनकाट्याच्या पावत्या आणि बायोमायनिंगचा (जुना ढीग उकरून, चाळून वेगळा करण्याचा) ठेका दिला असेल तर त्याचा करारनामा मागा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. 'माहिती उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका. भूजल कधी तपासलंच नाही याची ती सहीशिक्क्यानिशी कबुली असते आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांसमोर उपद्रव हटवण्यासाठीच्या, वर सांगितलेल्या कलम १५२ च्या अर्जाला ती जोडता येते.

विहिरीचं पाणी स्वतःही तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुने घेतात. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर, दोन्ही वेळा त्याच विहिरीचं. बाटली भरताना सरपंच किंवा ग्रामसेवकाला सोबत घ्या, पंचनामा करा आणि अहवालाची मूळ प्रत स्वतःकडे ठेवून सगळीकडे झेरॉक्सच द्या.